बारीक पेशींचं घराणं

डुकराच्या गळ्यात सुरी गेली तेव्हा ग्रेका त्याच्या मानेखाली पातेलं धरून गुडघ्यांवर बसली होती. सुरी तिच्या मुलाच्या हातात होती. बाकीझिओचा हात साफ होता. एकदाच खुपसायची, मनगट फिरवायचं, की धार थेट पातेल्यात. डुक्कर मरायला वेळ घेतं. तेवढा वेळ शेजारचे चौघे त्याचे पाय धरून उभे होते आणि ग्रेका उजवा हात कोपरापर्यंत त्या गरम रक्तात घालून ढवळत होती. हात थांबला की रक्त गोठतं, आणि गोठलेलं रक्त गोड सॉसेजसाठी आतड्यात भरता येत नाही. मग त्यात घालायच्या मनुका, साखर, अक्रोड सगळं वाया जातं. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात सासूने तिला हे शिकवलं होतं, आणि तेव्हापासून या घरात त्या पातेल्यात दुसऱ्या कोणी हात घातला नव्हता.

त्या दिवशी हात थांबला.

मुलगी अंतियोका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वडील गेल्यापासून घरातलं हे पहिलंच डुक्कर, म्हणून ती शिकवत होती त्या शाळेतून रजा काढून आदल्या दिवशी कालियारी शहरातून आली होती. तिने पाहिलं ते असं, की आईचं डोकं आधी हळूच पुढे झुकलं, जणू पातेल्यात काही पडलंय ते बघतेय, मग खांदे गेले, आणि आई पातेल्यासकट कुशीवर कलंडली. रक्त फरशीवरून वाहत लिंबाच्या आळ्यापर्यंत गेलं. कुत्री धावली. बाकीझिओने एका कुत्रीला लाथ घातली, ती केकाटत भिंतीवर आदळली, आणि तो आईला उठवायला वाकला.

ग्रेकाने डोळे उघडले. वर वाकलेला मुलगा तिला दिसला. तिने दोन्ही रक्ताळलेले हात डोक्यावर धरले आणि गुडघे पोटाशी घेऊन अंगाची जुडी केली.

हात कोणी उगारला नव्हता. तो नुसता वाकला होता. डुकराची घरघर तेवढी चालू होती.

"उठवा रे तिला," वेनेरांदा आत्या म्हणाली. ती चुलीवरच्या उकळत्या पाण्यापाशी बसली होती आणि तिथून उठली नाही. "घरचंच दुखणं आहे ते. बारीक पेशी."

त्या सखल मुलखात हे दोन शब्द उच्चारले की पुढचं बोलणं संपतं. पणजोबांच्या काळी तिथे दलदल होती आणि हिवताप माणसं नेत होता. ज्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मजात बारीक, ते तगले आणि त्यांचीच पोरंबाळं पुढे वाढली. आता दलदल नाही, हिवताप नाही, बारीक पेशी मात्र घरोघरी आहेत. शाळेत पोरांचं रक्त तपासतात आणि थॅलेसेमियाच्या वाहकाला तसं कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोघांकडेही कार्ड असं होत नाही ना एवढं बघायचं, बाकी त्याने काही बिघडत नाही. अंतियोकाच्या पाकिटात असं कार्ड होतं, बाकीझिओकडेही होतं. या घरातलं कोणी दमलं, फिकट पडलं, जिन्यात धापा टाकू लागलं, तर कारण शोधावं लागत नसे. लोहाच्या गोळ्याही कोणी देत नसे, कारण बारीक पेशीवाल्याने त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत असं लहानपणापासून कानावर पडलेलं असे.

बाकीझिओ मात्र आईसाठी दर शनिवारी घोड्याचं मटण आणायचा. त्याने रक्त वाढतं. मुद्दाम शहरातल्या खाटकाकडे जायचा, मांडीचाच तुकडा मागायचा, आणि परत येताना मेंढ्यांच्या वाड्यावर जायच्या आधी ते पुडकं आईच्या हातात द्यायचा. गावात त्याचं नाव होतं. बायको सोडून गेली तरी आईला सोडलं नाही, असं बायका त्याच्याबद्दल बोलत.

संध्याकाळी डुक्कर कापून, मीठ लावून झालं. अंतियोका आईजवळ बसली. ग्रेका फ्रीजमधल्या बर्फाचे खडे तोंडात टाकून कडाकडा फोडत होती. डिसेंबरात. कधीपासून खातेस असं विचारलं, तर म्हणाली की बरं वाटतं, तोंडात काहीतरी कुरकुरीत लागतं. तिची नखं मधे खोलगट झाली होती, चमच्यासारखी. अंतियोकाने सकाळच्या हातांबद्दल विचारलं तेव्हा मात्र खडा तसाच गालात राहिला.

"मला वाटलं डुकराने पाय झाडला," ग्रेका म्हणाली.

"डुक्कर तुझ्या डाव्या बाजूला होतं, आई. तू वर बघत होतीस."

"चक्कर आल्यावर डावं-उजवं कळतं होय?"

बाकीझिओ आत आला आणि विषय संपला. पण रक्त तपासायला ती तयार झाली. कदाचित मुलीला गप्प करण्यासाठीच. एक अट घातली, की बाही कोपरापर्यंतच वर करणार. शुक्रवारी गावच्या दवाखान्यात तिने तशीच केली, आणि नर्सने दंडाला पट्टा बांधायला कापड आणखी सरकवायला घेतलं तेव्हा ग्रेकाने तिचा हात असा झटकला की सुयांचा ट्रे खाली गेला.

शनिवारी सकाळी रिपोर्ट आला. नेहमीचे म्हातारे डॉक्टर सुटीवर होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर पिंतुस डोंगराकडच्या, जिथे हिवताप फार पोचला नाही तिथल्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि फोन उचलून शहरातल्या हॉस्पिटलात खाट आहे का ते विचारलं. मगच या दोघींकडे वळल्या. हिमोग्लोबिन सहा होतं. स्वतःच्या पायांवर चालत आल्या याचंच नवल, असं त्या ग्रेकाला म्हणाल्या.

अंतियोकाने घरातली गोष्ट सांगितली. आमच्याकडे सगळ्यांचं कमी असतं, बारीक पेशी आहेत.

"तुमचा रिपोर्ट आहे?"

अंतियोकाच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचा होता. पिंतुसबाईंनी तो फोन आईच्या कागदाशेजारी ठेवला आणि पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं. पेशींचा आकार दोघींचा जवळजवळ सारखाच होता, साठ-बासष्टच्या घरात. जो तो हीच ओळ वाचतो आणि थांबतो, त्या म्हणाल्या. मग पेन एक ओळ वर गेलं. अंतियोकाच्या पेशी अठ्ठावन्न लाख होत्या, ग्रेकाच्या बत्तीस.

"जन्माने बारीक पेशी असतील, तर शरीर त्या जास्त बनवून भरपाई करतं," पिंतुसबाई म्हणाल्या. "तुमच्या आहेत तशा. बारीक, पण भरपूर, आणि सगळ्या एका मापाच्या. ह्यांच्या बारीक आहेत आणि कमीही आहेत, आणि काही मोठ्या, काही अगदीच खुरटलेल्या. हा कच्चा माल संपलेला कारखाना आहे. हे बघा, फेरिटिन. साठवलेलं लोह. तुमचं साठ आहे. ह्यांचं तीन."

तीन म्हणजे किती कमी, असं अंतियोकाने विचारलं.

"म्हणजे पेटी रिकामी. आधी साठा संपतो, तेव्हा माणसाला काही कळत नाही. मग पेशी बारीक पडतात. मग संख्या घटते. एका महिन्यात होत नाही हे. ह्यांचं रक्त कुठूनतरी गळतंय, बरेच महिने." त्या ग्रेकाकडे वळल्या. "मावशी, शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

ग्रेका म्हणाली, पालक खाल्ला की होतं.

"दुखण्यावरच्या गोळ्या घेता?"

"मला काय दुखतंय?"

पिंतुसबाईंनी तिच्या खाली ओढलेल्या बाह्यांकडे पाहिलं. मग अंतियोकाला सांगितलं की रुग्णवाहिका मागवते. ग्रेका उठून उभी राहिली. रुग्णवाहिका गावातून वाजत गेली तर मी त्यात चढणार नाही, म्हणाली. मुलगी नेईल गाडीतून. आधी घरी जाऊन कपडे बदलीन. बाईंनी हो म्हटलं, पण एका तासात निघा असं बजावलं, आणि दारापर्यंत आल्या तेव्हा हलक्या आवाजात अंतियोकाला म्हणाल्या की कपडे बदलताना जवळ राहा.

घरी ग्रेकाने खोलीची कडी आतून लावली. अंतियोका दाराबाहेर उभी राहिली. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिने खांदा लावून दार ढकललं आणि जुनी कडी खिळ्यासकट निघाली.

आई पलंगाच्या कडेवर बसली होती, झगा अर्धा उतरलेला. पाठीवर, दंडांवर, बरगड्यांच्या बाजूला डाग होते. काही पिवळे पडलेले, काही हिरवट, दोन ताजे, जांभळे. एकाला पट्ट्याच्या बक्कलचा आकार होता, चौकोन आणि मधे काटा. डावीकडची बरगडी कातडीखाली वाकडी सांधली होती. खाली पडलेल्या एप्रनच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं बाहेर आली होती, बहुतेक रिकामी. गुडघेदुखीवर म्हातारे जी घेतात ती. पोटभर जेवल्याशिवाय घेऊ नये असं पाकिटावरच छापलेलं होतं.

अंतियोका खाली बसून ती पाकिटं गोळा करू लागली. काय करावं ते सुचत नव्हतं, आणि हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं.

"ह्याशिवाय वाकता येत नाही गं," ग्रेका म्हणाली. "आणि वाकल्याशिवाय मेंढीच्या दुधाचं चीज बनवता येत नाही."

मग ती बोलली. आवाज न चढवता, एखाद्या लांबच्या बाईची हकिकत सांगावी तसं. बाकीझिओचा बाप गेल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात सुरुवात झाली. एकदा दूध नासलं म्हणून. एकदा तिने त्याच्या बायकोचं नाव काढलं म्हणून. मग कारण लागेनासं झालं. तो आधी दार लावून घेई आणि चेहऱ्यावर कधीच मारत नसे. एकदा चीजच्या खोलीत तिला खाली पाडून त्याने छातीवर पाय दिला, तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तो मटण घेऊन आला, स्वतः शिजवलं, आणि भरवलं.

अंतियोकाने विचारलं की डॉक्टरकडे का गेली नाहीस. निदान फिकट पडायला लागलीस तेव्हा. इतके महिने कार्डाचं निमित्त का सांगत राहिलीस.

"कार्ड?" ग्रेकाने झगा खांद्यावर ओढून घेतला. "माझ्याकडे कुठाय कार्ड? तू पोटात होतीस तेव्हा आम्हा दोघांना कालियारीला नेऊन रक्त काढलं होतं. बारीक पेशी तुझ्या बापाच्या. माझं रक्त चोख निघालं. तुझी आजी केवढी खूश झाली होती, चांगल्या रक्ताची सून आणली म्हणून."

"मग आत्या काय म्हणते?"

"वेनेरांदाला ठाऊक आहे. तीच तर होती आमच्याबरोबर." तिने झग्याची बटणं लावायला घेतली. "मी पहिल्यांदा भोवळ येऊन पडले ना, तेव्हा तीच बोलली सगळ्यांसमोर, बारीक पेशी म्हणून. माझ्याकडे बघून बोलली. मला वाटलं, बरं झालं. खरं दुखणं सांगितलं असतं तर कपडे काढायला लावले असते."

बाहेर ट्रकचं दार आपटलं.

ग्रेकाने मुलीचं मनगट धरलं. "त्याला काही बोलू नकोस. मी येते तुझ्याबरोबर, पण तू बोलू नकोस."

बाकीझिओ स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या हातात खाटकाचं पुडकं होतं. अंतियोका आईची पिशवी घेऊन उभी होती. तिने सांगितलं की हॉस्पिटलात खाट मिळाली आहे, रक्त चढवायचं आहे. एवढंच सांगितलं. तो पुडकं टेबलावर ठेवून आईकडे बघत राहिला, झग्याच्या वरच्या बटणाकडे, ते चुकीच्या काजात लागलं होतं. मग बहिणीच्या मुठीतून डोकावणाऱ्या चंदेरी पाकिटांकडे.

"काय काय दाखवलंस हिला?" तो आईला म्हणाला.

"बाळा, काही नाही रे."

"ताई दोन दिवसांसाठी येणार, डोकं फिरवून जाणार. मग राहायचं कोणापाशी तुला? शहरात, हिच्या पुस्तकांच्या कपाटात?"

अंतियोका म्हणाली, "बाजूला हो, बाकीस."

त्याने तिला मारलं ते उघड्या हाताने नव्हे, मुठीने, तोंडावर. तिचं डोकं मागच्या फडताळावर आपटलं, बशा खाली आल्या. एक दात जिभेवर सुटा लागला. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की तिचा पहिला विचार असा होता, चेहऱ्यावर मारलं म्हणजे आता लपवायचं नाही असं ठरवलंय याने. तिने टेबलावरचं ओतीव लोखंडाचं जड भांडं उचलून त्याच्या कानावर घातलं. त्याच्या कानशिलातून रक्त आलं. त्याने तिचे केस धरले, तिला ओढत अंगणात आणलं आणि फरशीवर ढकललं. मग सरपणाजवळची कुऱ्हाड घेऊन तो तिच्या गाडीकडे गेला. पहिला घाव पुढच्या काचेवर, दुसरा टपावर. तिसऱ्याला काच आत कोसळली. तो काही बोलत नव्हता. लाकूड फोडतानाही तो असाच एकलयीत घाव घालायचा.

आत्याच्या घराची खिडकी अंगणावर उघडत होती. वेनेरांदा खिडकीत उभी होती. अंतियोकाने खालून तिच्याकडे पाहिलं. खिडकी लागली.

ग्रेका दारात आली होती. चौकटीला धरून ती मुलाला हाक मारायला गेली आणि हाकेऐवजी तोंडातून रक्त आलं. आधी काळपट, कॉफीच्या गाळासारखं, मग त्यामागून लाल, आणि थांबेना. ती गुडघ्यांवर बसली. झग्याची छाती, पायरी, पायरीखालची फरशी. बाकीझिओ कुऱ्हाड घेऊन वळला. आयुष्यभर त्याने जनावरं कापली होती. किती रक्त गेल्यावर जीव जातो हे त्या गावात त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली.

अंतियोकाने आईला काखेत धरून उचललं. तिला वाटलं होतं त्याहून आई फार हलकी होती. मागच्या सीटवर आडवी करून तिने उरलेली काच बुटाने बाहेर लोटली आणि गाडी सुरू केली. बाकीझिओ फाटकासमोर उभा होता. तिने गियर टाकला आणि थांबली नाही. शेवटच्या क्षणी तोच बाजूला झाला आणि त्याने फाटक उघडलं.

सगळ्या रस्त्याने वारा थेट तोंडावर येत होता, फुटलेल्या ओठात शिरत होता. मांडीवर काचेचे खडे साठले होते. मागून आई अधूनमधून काहीतरी पुटपुटायची, आणि अंतियोका तिला बोलत राहायला सांगायची.

हॉस्पिटलात पोचल्यावर नळी घालून पोट बघितलं. जठरात त्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी झालेला घाव होता, आणि त्यातली उघडी पडलेली रक्तवाहिनी त्यांनी आतूनच बंद केली. चार अनोळखी माणसांचं रक्त ग्रेकाच्या दंडातून आत गेलं. नर्सने आता बाही पूर्ण वर केली होती आणि कोणाला थांबवायला ग्रेकापाशी बळ नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की जिन्यावरून पडले. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा जिनाच. अंतियोका सगळं सांगायला तयार होती, सांगितलंही. पण डॉक्टर म्हणाले की ह्या शुद्धीत आहेत, ह्यांनीच नाही म्हटलं तर बरं वाटल्यावर ह्या त्याच घरी परत जातील.

रविवारी दुपारी तो आला. दाढी केलेली, कानावर पट्टी, वडिलांच्या अंत्ययात्रेत घातलेला कोट. बरोबर वेनेरांदा आत्या. त्याच्या हातात थर्मास होता. त्यात घोड्याच्या मटणाचा रस्सा आहे, रात्रभर मंद आचेवर ठेवला होता, असं आत्याने अंतियोकाला दाराबाहेरच सांगितलं. आणि हेही, की घरातलं घरात राहू दे, तुझं तोंड गाडीच्या अपघातात फुटलं असं मी सगळ्यांना सांगितलंय. अंतियोकाने तिला विचारलं की आईला कार्ड नाही हे तुला माहीत होतं ना. आत्याने डोक्यावरचा रुमाल नीट केला. म्हणाली, "माणूस काहीतरी पांघरूण शोधतो गं. मी दिलं."

बाकीझिओ तोवर खाटेपाशी पोचला होता. त्याने कपात रस्सा ओतला, फुंकर घातली, आणि चमचा आईच्या तोंडाशी नेला.

ग्रेकाच्या ओठांना त्या दिवशी रंग होता. कित्येक महिने जो नव्हता तो. तिने चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोंड उघडलं नाही. नर्स पलीकडच्या खाटेची बाटली बदलत होती. ग्रेकाने तिला हाक मारली.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली. "ह्याची आण घेऊन सांगते, जिन्यावरून मी पडले नाही. ह्याने मारलं. पट्ट्याने, पायाने. ह्याला माझ्या खाटेपाशी येऊ देऊ नका."

नर्सने हातातली बाटली तशीच धरून भिंतीवरचं बोलावण्याचं बटण दाबलं. पलीकडची म्हातारी उठून बसली. बाकीझिओने कप अलगद खाली ठेवला. तो हसला, सगळ्यांकडे बघून. म्हातारपणी काहीबाही बोलतात, असं म्हणायला गेला, पण वाक्य पुरं झालं नाही. हॉस्पिटलची दोन माणसं आत आली. त्यांनी दंडाला हात लावताच तो उसळला, खाटेच्या लोखंडी दांडीला लाथ घातली, त्यासरशी खाट आईसकट भिंतीवर गेली, सुई निघाली, चादरीवर लाल ठिपके उडाले. त्याला ओढत नेताना त्याने दाराच्या काचेवर कपाळ आपटलं, एकदा, आणि पुन्हा, काच तडकेपर्यंत. "आई, सांग ना ह्यांना," तो ओरडत होता. आवाज लहान मुलासारखा होता. ग्रेका भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तिने काही वगळलं नाही. त्यानंतर ती दोन हिवाळे जगली, मुलीच्या घरी, आणि बाकीझिओचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. अंतियोका आता एकटीच आहे. तुरुंगातून भावाचं पत्र आलं तर ती ते उघडते.

पण त्या रविवारी, सुई पुन्हा लावून झाल्यावर, वॉर्ड शांत झाल्यावर, ग्रेका रडायला लागली. अंतियोकाला वाटलं, आता येईल ते सगळं, इतक्या महिन्यांचं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि आईचा हात हातात घेतला. तो गरम होता.

"मेंढ्यांचं दूध कोण काढणार आता?" ग्रेका म्हणाली. "कास दाटली की ओरडतात बिचाऱ्या."